तंबोरा, संगणकीय

छेडलेल्या तंबोऱ्याचा ध्वनी संगणकावर परस्परांना जोडलेल्या घटकांतून निर्माण करण्याची पद्धत (पहा : तंबोरा, ध्वनिसंश्लेषण). यात ध्वनिमुद्रण वाजवत नाहीत. तारेचे कंपनच गणिताने घडवतात.

उगम : तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू येतो ते स्वरांश उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवले व त्याचे कारण रुंद घोडीत शोधले. केव्हिन कार्प्लस व ॲलेक्स स्ट्राँग यांची छेडलेल्या तारेची सुटसुटीत रीत 1983 मध्ये प्रसिद्ध झाली.

वैशिष्ट्ये : या रीतीत गोंगाटाचा क्षणिक झोत विलंब-घटकात सोडतात आणि गाळणीतून पुन्हा तिथेच फिरवतात, प्रत्येक फेरीत तीव्र स्वरांश झिजतात. विलंबाच्या लांबीवर स्वर ठरतो. सेकंदाला 44,100 नमुने असता 130.8 हर्ट्‌झच्या षड्जाला सुमारे 337 नमुन्यांचा विलंब लागतो. तो पूर्णांकात बसवला तर स्वर किंचित हलतो. म्हणून अपूर्णांकी विलंबाची जोड देतात. एवढ्यावर साधी तार मिळते, रुंद घोडीमुळे येणारी जवारी नव्हे. खऱ्या वाद्यात घोडीवरील सूत सरकवून जवारी लावतात. आज्ञावलीत कंपनविस्तारानुसार तारेची लांबी सतत बदलावी लागते, आणि खरे अवघड काम हेच. प सा सा सा यांसाठी अशा चार साखळ्या जोडतात. प्युअर डेटा, सीसाउंड, व्हीसीव्ही रॅक या आज्ञावलींवर हे करता येते.

महत्त्व : ध्वनिशास्त्राच्या अध्यापनात व घोडीच्या अभ्यासात उपयुक्त. मात्र मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन हस्तनिर्मित वाद्यापुरते आहे (पहा : मिरज).