ऐकणाऱ्याचेही घर हादरते तेव्हा...

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

समुपदेशकाच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. एकीत दुःख सांगणारा बसतो, दुसरीत ते ऐकणारा. ऐकणारा त्या दुःखापासून थोडा दूर उभा आहे, हे या विद्येने बहुतांशी गृहीत धरलेले असते. परंतु भूकंप, महापूर किंवा महासाथ साऱ्या वस्तीवर एकाच वेळी कोसळते, तेव्हा हे अंतर नाहीसे होते. रुग्ण आणि उपचारक या दोघांनाही एकाच आपत्तीने ग्रासण्याच्या या अवस्थेस मानसशास्त्रात 'शेअर्ड ट्रॉमा', अर्थात सामायिक आघात म्हटले जाते.

तीन संज्ञा, तीन अर्थ

या संज्ञेची दोन जुळ्या संज्ञांशी नेहमी गल्लत होते. दुसऱ्याच्या यातना सातत्याने ऐकल्याने उपचारकाची जगाकडे पाहण्याची दृष्टीच हळूहळू बदलते. मॅककॅन आणि पर्लमन या अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये या अवस्थेस परोक्ष आघात असे नाव दिले. सहवेदना देता देता येणारा शीण 'कम्पॅशन फटिग' या नावाने ओळखला जातो. चार्ल्स फिगली यांच्या १९९५ मधील ग्रंथामुळे ही कल्पना रूढ झाली. या दोन्ही अवस्थांत मूळ आघात रुग्णाचा असतो. सामायिक आघातात मात्र तो उपचारकाच्याही घरात शिरलेला असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यू यॉर्कमधील हल्ल्यानंतर तेथील उपचारकांच्या अनुभवांवर प्राध्यापक कॅरोल टोसोन यांनी केलेल्या अभ्यासामुळे या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

किल्लारीचा धडा

मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. या आपत्तीनंतर भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजांचा मोठा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने झाला. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे त्याचे प्रमुख संशोधक होते.

बाहेरून आलेली मदत पथके काही काळाने परततात. गावातील शिक्षक, परिचारिका आणि ग्रामसेवक मात्र तेथेच राहतात. दुसऱ्याला धीर देणारी हीच माणसे स्वतःचे मृत मोजत असतात. त्यांच्या दुःखाची नोंद सहसा कोणत्याही तक्त्यात होत नाही.

महासाथ आणि कोरडे शिवार

मार्च २०२० पासून औरंगाबाद शहराने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, हाच अनुभव निराळ्या रूपात घेतला. घाटी रुग्णालयातील डॉक्टर असो वा फोनवरून धीर देणारा समुपदेशक, संसर्गाची भीती प्रत्येकाच्या उंबरठ्यावर होती. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ स्थलांतरित मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या शहराने हळहळ अनुभवली. 'तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?' हा रुग्णाचा साधा प्रश्न अशा दिवसांत उपचारकाला पेचात टाकतो. खरे सांगावे तर रुग्णावर भार, लपवावे तर विश्वासाला तडा.

काही आपत्ती क्षणात येतात, काही वर्षानुवर्षे रेंगाळतात. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या ही मराठवाड्याची रेंगाळणारी आपत्ती आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य शासनाने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात घरोघरी जाऊन मानसिक ताणाची चाहूल घेण्याचे काम आशा स्वयंसेविकांकडे आले. त्यांच्यापैकी अनेकींच्या स्वतःच्या घरी तेच कर्ज आणि तेच करपलेले पीक असते.

लक्षणे कोणती?

रुग्णाची कथा आणि स्वतःची कथा यांतील सीमा पुसट होणे, हे पहिले लक्षण. कधी उपचारक रुग्णाच्या दुःखात वाजवीपेक्षा अधिक गुंततो, तर कधी नेमका तोच विषय टाळतो. झोप उडणे, चिडचिड, एकाग्रता ढळणे, 'आपले दुःख यांच्यापुढे काहीच नाही' म्हणून ते दडपणे, हीही लक्षणेच. रुग्णही कधी उपचारकाला जपण्यासाठी आपली व्यथा गिळतो. तथापि, या अनुभवाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी नोंदविली आहे. समान दुःखामुळे दोघांतील नाते अधिक दृढ होऊ शकते आणि उपचारकाची समज वाढू शकते.

उपाय काय?

स्वतःचा अनुभव सांगावा की नाही, याची कसोटी एकच : त्याने रुग्णाचे भले होते की उपचारकाचे मन हलके होते? पहिल्या प्रकारात मोजके बोलावे. दुसऱ्या प्रकारात ते सहकाऱ्यापाशी बोलावे. आपत्तीनंतर रुग्णांची संख्या मर्यादित ठेवणे, ज्येष्ठांकडून नियमित मार्गदर्शन घेणे, सहकाऱ्यांच्या गटात मन मोकळे करणे आणि गरज पडल्यास स्वतः उपचार घेणे हे मार्ग सांगितले जातात. सर्वांना एकत्र बसवून घडलेला प्रसंग सक्तीने एकदाच वदवून घेण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. त्याऐवजी पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे, या तीन पायऱ्यांच्या मानसिक प्रथमोपचारावर तिचा भर आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही डिसेंबर २००९ मध्ये आपत्तीकाळातील मानसिक आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

अडचण आहे ती मनुष्यबळाची. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. अशा स्थितीत 'थोडे थांबा, विश्रांती घ्या' हा सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. पर्यायी माणूस नसेल तर रजेवर जायचे कसे? म्हणूनच उपचारकांची काळजी हा त्यांचा खासगी प्रश्न न मानता आपत्ती नियोजनाचाच भाग मानावा लागेल. शेजारच्या जिल्ह्यातून बदली मनुष्यबळ आणि स्थानिकांना सक्तीची विश्रांती, याची तरतूद आपत्तीपूर्वीच हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा सर्वांसाठी खुली आहे. धीर देणाऱ्यांनीही ती वापरण्यात कमीपणा मानू नये.