ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांचा माग : मोडी रुमाल, जहागिरीच्या फायली आणि ‘जयाजी प्रताप’

ग्वाल्हेर : लष्करातला जुना वाडा विकून हरिशंकरपुरमसारख्या कॉलनीत फ्लॅट घ्यायचा म्हटलं की पहिली अडचण जुन्या ट्रंकेची होते. आत पिवळे कागद, वर मोडी. घरात वाचणारं कुणी उरलेलं नाही. ‘आपण मूळ कुठले?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा त्याच ट्रंकेत असतं आणि पुष्कळदा तीच रद्दीत जाते.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचंच पुढे लष्कर शहर झालं. फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी ही नावं आजही तीच ओळख सांगतात. फौजेबरोबर आणि तिच्या मागोमाग कोकणातून, देशावरून कारकून, पुजारी, वैद्य, गवई आले. त्यामुळे अशा घराण्याची कागदपत्रं दोन टोकांना असतात, एक मूळ गावी आणि एक इथं.

मूळ गावचं टोक पुण्यात शोधावं लागतं. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. त्यांच्याइतकेच उपयोगी, पण कमी पाहिले जाणारे कागद इनाम कमिशनचे. १८५२ च्या कायद्यानंतर इनामदाराला आपला हक्क सिद्ध करावा लागला. इनाम कुणी दिलं, कुणाला दिलं, पुढं ते कुणाकडं आलं, हे सगळं पिढीवार सांगावं लागे. हौसेनं लिहिलेल्या वंशावळीपेक्षा हक्कासाठी लिहिलेली वंशावळ भरवशाची, कारण ती खोडून काढायला भाऊबंद टपलेलेच असत. अर्थात ज्याचा हक्क बुडवायचा त्याचं नाव गाळलेलंही असू शकतं. म्हणून एका कागदावर थांबू नये.

ग्वाल्हेरच्या टोकाला हेच काम जहागिरीच्या फायली करतात. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं आणि १९५१ मध्ये जहागिरी निर्मूलनाचा कायदा आला. त्याच्या तारखा विक्रम संवतात आहेत (संवत २००८), हे शोधताना लक्षात ठेवावं. मोबदला आणि वारसाच्या प्रकरणांत नात्यांचा उलगडा मिळू शकतो. मध्य प्रदेशचं राजस्व मंडळ आणि भू-अभिलेख आयुक्तांचं कार्यालय ग्वाल्हेरातच आहे, तर राज्याचं पुराभिलेखागार भोपाळला. छापील साधनांत सरदार आनंदराव भाऊसाहेब फाळके यांनी संपादित केलेली ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ आधी चाळावीत.

जहागीर नसलेल्या नोकरदार घराण्यांनी संस्थानचं गॅझेट पाहावं. नेमणूक, बदली, बढती अशा कोरड्या नोंदींतून पणजोबा कोणत्या साली कुठल्या परगण्यात होते हे कळतं. १९०५ पासून निघालेल्या ‘जयाजी प्रताप’ या साप्ताहिकात संस्थानी जीवनाच्या बातम्या असत. जुन्या वृत्तपत्रांसाठी भोपाळचं माधवराव सप्रे समाचारपत्र संग्रहालय हे चांगलं ठिकाण. ते १९८४ मध्ये सुरू झालं, आणि ज्यांचं नाव त्याला आहे ते सप्रे स्वतः हिंदी पत्रकारितेत गाजलेले मराठी गृहस्थ.

जनगणनेवर मात्र विसंबू नये. इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेची घरोघरची पानं शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडं जुन्या जनगणनेचे आकड्यांचे अहवाल मिळतात, माणसांची नावं नाहीत.

नावं शोधताना फसगत ठरलेली. हिंदी कागदांत ‘ळ’ जातो, म्हणून फाळके ‘फालके’ होतात, शितोळे ‘शितोले’, काळे ‘काले’. जुन्या कागदांत तर आडनावच नसतं. नुसतं नाव, बापाचं नाव आणि हुद्दा. एकाच घरात आजोबा-नातू एकाच नावाचे, त्यामुळे दोन माणसं एक धरली जातात.

तारखांचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९), विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे पानिपतचं वर्ष, जून १७६० ते जून १७६१.

मोडीची किंमत २०२३ मध्ये महाराष्ट्रात सगळ्यांनाच कळली. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि वाचणारे कमी पडू लागले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, तसंच महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं.

पुण्याला किंवा भोपाळला जाण्याआधी घरातलं काम उरकावं. कागद ज्या क्रमानं बांधलेले आहेत त्याच क्रमानं दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. घरात थोरली आत्या किंवा काकू असेल तर कुलदैवत, गोत्र आणि त्र्यंबकेश्वर, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांची नावं विचारून घ्यावीत. उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं, आणि त्यावर कधी कधी खापरपणजोबांची सही असते.