निरोधाचे स्थान आणि समय

विचारार्थ विधान असे: स्मृती नोंदली जात असताना हिप्पोकॅम्पसमधील निरोधक चेतापेशी प्रमुख पेशींच्या स्पंदनाचे स्थान व समय नियमित करतात.

‘स्मृती नोंदली जात असताना’. म्हणजे अनुभव घडत असताना. नंतर झोपेत तो पक्का होतो किंवा पुढे आठवतो, त्या अवस्था येथे अभिप्रेत नाहीत.

‘निरोधक चेतापेशी’. म्हणजे ज्या गाबा हे रसायन सोडून पुढच्या पेशीचे स्पंदन, म्हणजे विद्युत् आवेग सोडणे, अवघड करतात. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ या भागात त्या ढोबळमानाने दहांत एक. पण त्यांना एकजिनसी समजू नये. क्लाउसबर्गर आणि शोमोजी यांनी २००८ साली केवळ सीए१मध्ये त्यांचे किमान २१ प्रकार मोजले.

‘प्रमुख पेशी’. म्हणजे उत्तेजक पिरॅमिडल पेशी.

‘स्थान’. येथे थांबावे. कोणत्या पेशी स्पंदतील, हा सरळ अर्थ. दुसरा अर्थ असा: एकाच पेशीच्या कोणत्या भागावर निरोध पडेल? मला दुसरा अधिक ग्राह्य वाटतो. निरोधकांपैकी बास्केट पेशी पेशीकायेला वेढतात. ओएलएम नावाच्या निरोधक पेशी वृक्षिकांच्या दूरच्या टोकांवर बसतात, आणि शेजारच्या एंटोरायनल कॉर्टेक्सचे संदेश तेथेच उतरतात. याचा अर्थ, ओएलएम पेशी येणाऱ्या एका वाटेवर बंदी घालते, बाकीच्या वाटा चालू राहतात. शेतात दारे धरणारा एका वाफ्याचे तोंड बुजवतो आणि दुसऱ्याचे फोडतो, तसेच हे.

आक्षेप येईल: निरोध वाढला तर शिकणे खुंटेल. उत्तर २०१४च्या प्रयोगात आहे. लव्हेट-बॅरन आणि सहकाऱ्यांनी, उंदरांना अप्रिय उद्दीपन मिळते त्याच क्षणी सीए१मधील सोमॅटोस्टॅटिनयुक्त निरोधक पेशी (ओएलएम त्यांतल्याच) बंद पाडल्या. जेथे ते उद्दीपन मिळाले त्या जागेची भीती उंदरांना शिकता आली नाही. म्हणजे तो निरोध शिकण्याची अटच होता.

‘समय’. म्हणजे थीटा या हिप्पोकॅम्पसमधील विद्युत् लयीतील नेमका क्षण. ही लय सेकंदाला सुमारे ४ ते १२ आवर्तनांची. क्लाउसबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की निरोधक पेशींचे प्रकार तिच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर स्पंदतात. त्याआधी, १९९५मध्ये, कॉब आणि सहकाऱ्यांना एकच निरोधक पेशी पिरॅमिडल पेशींना थीटाच्या लयीत आणू शकते असे आढळले होते. अशा एका पेशीचे जाळे हजारांहून अधिक पिरॅमिडल पेशींपर्यंत जाते. निरोध ओसरला की त्या एकदम उसळतात.

स्थान आणि समय वेगळे का सांगितले? रॉयर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली पार्व्हाल्ब्युमिनयुक्त निरोधक पेशी (अनेक बास्केट पेशी यांतल्याच) दाबल्या, तेव्हा थीटातील स्पंदनाचा टप्पा सरकला. सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशी दाबल्या, तेव्हा स्पंदनांचे झुबके वाढले. कामाची वाटणी खरी आहे.

‘नियमित करतात’. ‘निर्माण करतात’ असे म्हटलेले नाही. लयीचा मोठा आधार मीडियल सेप्टम या मेंदूतल्या दुसऱ्या भागाकडून येतो. शिवाय व्हीआयपी नावाच्या निरोधक पेशी इतर निरोधकांनाच निरोधतात, तेही येथे गृहीत धरावे.

वरील सर्व प्रयोग उंदीरवर्गीय प्राण्यांवरचे आहेत. विधानात ‘माणूस’ हा शब्द नाही. अभ्यासकाने तो आपल्या पदरचा घालू नये.