बीकन म्हणजे काय? दीपगृहापासून ब्लूटूथपर्यंत बीकनचे अर्थ, प्रकार आणि उपयोग

बीकन हा शब्द आपल्याला वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो. मंत्र्यांच्या गाडीवर पूर्वी असलेला लाल दिवा म्हणजे बीकन, जहाजावरचं संकटात वापरायचं यंत्र म्हणजे बीकन, मॉलमध्ये फोनला ‘ऑफर’ पाठवणारी डबी म्हणजे बीकन आणि ईमेलमधलं न दिसणारं चित्र म्हणजेही बीकनच. मग या सगळ्यांना एकच नाव का? आजच्या लेखात मी हेच सोप्या भाषेत सांगणार आहे. सोबत, आपण बीकन वापरताना काय काळजी घ्यायची तेही पाहूया.

बीकन म्हणजे नेमकं काय?

एका ठिकाणाहून ठरावीक खूण पुन्हा पुन्हा पाठवत राहणारं साधन म्हणजे बीकन. ही खूण उजेडाची असेल, रेडिओ लहरींची असेल किंवा इंटरनेटवरची असेल. बीकन साधारणपणे दोनच गोष्टी सांगतो: ‘मी इथे आहे’ आणि ‘मी अमुक आहे’. समोर कोण आहे, त्याने ऐकलं की नाही, हे जुन्या पद्धतीच्या बीकनला कळत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘मी अमुक आहे’ या वाक्याचा अर्थ बीकनमध्ये नसतो. तो दुसरीकडे एखाद्या यादीत, नोंदवहीत किंवा सर्व्हरवर लिहिलेला असतो. माझ्या मते बीकन समजून घ्यायचा असेल तर एकच प्रश्न विचारावा: याची वही कोणाकडे आहे? पुढचे सगळे प्रकार आपण याच प्रश्नाने तपासू.

१. उजेडाचे बीकन

मराठीत यासाठी ‘दीपस्तंभ’ हा सुंदर शब्द आहे. वाट दाखवणाऱ्या माणसालाही आपण दीपस्तंभ म्हणतो. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावर १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं आहे. कुलाब्याच्या टोकापुढचं प्राँग्स दीपगृह १८७५ सालचं.

रात्री समुद्रातून पाहिलं तर सगळे दिवे सारखेच दिसतील ना? म्हणून प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची पद्धत वेगळी ठेवतात: किती सेकंदांत किती झोत, कोणता रंग. नाविकाकडच्या दिव्यांच्या यादीत ही पद्धत छापलेली असते. झोत मोजायचे, यादीत बघायचं आणि आपण कुठे आहोत ते ठरवायचं. इथे वही नाविकाच्या हातात आहे.

बंदराच्या वाटेवरचे बोये हेही असेच. भारतात समुद्राकडून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवी खूण असते. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये हे बरोबर उलटं! म्हणजे दिवा तोच, पण नियम माहीत नसेल तर तोच दिवा बोट खडकावर नेईल.

गाडीवरचा दिवा मात्र रस्ता दाखवत नाही, तो ‘वाट द्या’ म्हणतो. हा दिवा मोठेपणाची खूण बनला होता. म्हणून १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे काढण्यात आले. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिस यांसारख्या तातडीच्या सेवांसाठी दिवे कायम राहिले.

२. रेडिओ बीकन

धुकं पडलं की दिवा दिसत नाही, रेडिओ लहरी मात्र पोहोचतात. विमानांसाठी जमिनीवर एनडीबी आणि व्हीओआर नावाची केंद्रं असतात. प्रत्येक केंद्र मोर्स लिपीत स्वतःची दोन-तीन अक्षरी ओळख पाठवत राहतं. वैमानिक ती अक्षरं नकाशाशी ताडून पाहतो.

गंमत म्हणजे जीपीएस उपग्रहही एका अर्थाने बीकनच आहेत. ते फक्त आपली वेळ आणि जागा सांगत फिरतात. आपला फोन ते ऐकून स्वतःचं ठिकाण काढतो, उपग्रहाला काहीही कळवत नाही. घरातला वायफाय राउटरसुद्धा सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव हवेत सोडतो. फोनमध्ये दिसणारी वायफायची यादी त्यातूनच तयार होते.

३. संकटकालीन बीकन

जीव वाचवणारे बीकन हेच. जहाजासाठी ईपीआयआरबी, विमानासाठी ईएलटी आणि एकट्या माणसासाठी पीएलबी असे तीन मुख्य प्रकार आहेत. हे तिन्ही ४०६ मेगाहर्ट्झवर काम करतात. यांच्यासाठी कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणा आहे. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी ती सुरू केली आणि १९८२ साली तिच्या मदतीने पहिली सुटका झाली. भारतातलं तिचं नियंत्रण केंद्र इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात आहे.

हे कसं काम करतं?

* बीकन सुरू झाला की दर ५० सेकंदांच्या आसपास अर्ध्या सेकंदाचा संदेश जातो.
* त्यात त्या यंत्राचा स्वतंत्र क्रमांक असतो. जीपीएस असलेला बीकन स्वतःचं ठिकाणही पाठवतो.
* ठिकाण पाठवलं नाही तरी उपग्रह ते काढू शकतो. रेल्वे जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो ना, तसंच उपग्रहाच्या वेगामुळे लहरींची वारंवारता बदलते. त्यावरून साधारण ५ किलोमीटरच्या आतलं ठिकाण मिळतं.
* नियंत्रण केंद्र तो क्रमांक नोंदवहीत शोधतं आणि बचाव पथकाला कळवतं.

एक खरं उदाहरण देतो. सप्टेंबर २०१८ मध्ये नौदलाचे कमांडर अभिलाष टोमी गोल्डन ग्लोब शर्यतीत ‘थुरिया’ या शिडाच्या बोटीतून एकटे जगप्रदक्षिणा करत होते. ही बोट गोव्यात बांधलेली. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला गंभीर दुखापत झाली आणि त्यांना उठताही येईना. ऑस्ट्रेलियातलं पर्थ तिथून सुमारे १,९०० सागरी मैल दूर. त्यांनी ईपीआयआरबी सुरू केला. भारतीय नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. आजूबाजूला किनारा नाही, मोबाइलची रेंज नाही, अशा वेळी बीकनचं महत्त्व कळतं.

पण इथेही वहीचा प्रश्न येतोच. नोंदणीत बोटीचं नाव, रंग आणि घरच्यांचा फोन असेल तर केंद्र आधी घरी फोन लावतं. ‘बोट धक्क्यालाच आहे’ असं कळलं तर खोटी धावपळ वाचते. ‘काल पहाटेच निघाली, सहा जण आहेत’ असं कळलं तर काय शोधायचं आणि किती जणांना शोधायचं हे लगेच समजतं. नोंदणीच नसेल, किंवा बोट विकल्यावर जुन्याच मालकाचा नंबर राहिला असेल, तर मोलाचा वेळ वाया जातो. म्हणून बोटमालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: यंत्र घेतलं की नोंदणी करा, आणि फोन नंबर बदलला की तोही कळवा.

मच्छीमारांसाठी इस्रोने २०१० पासून डीएटी नावाचं यंत्र दिलं आहे. त्याचा संदेशही बेंगळुरूला येतो आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. जुन्या यंत्रात बटण दाबल्यावर संदेश पोहोचला का, हे तांडेलला कळत नसे. दुसऱ्या पिढीच्या डीएटीमध्ये केंद्राकडून ‘संदेश मिळाला’ अशी पोच येते. बुडत्या बोटीवरच्या माणसाला ही पोच किती धीर देत असेल!

४. ब्लूटूथ बीकन

ॲपलने २०१३ मध्ये आयबीकन आणलं, गूगलने २०१५ मध्ये एडीस्टोन. एडीस्टोन हे नाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या प्रसिद्ध दीपगृहावरून घेतलेलं आहे. म्हणजे तंत्रज्ञांनाही दीपगृहच आठवलं!

ही छोटी डबी बटण सेलवर अनेक महिने चालते आणि फक्त आपला क्रमांक सोडत राहते. ती तुमचं नाव किंवा नंबर वाचत नाही. तुमच्या फोनमधलं ॲप तो क्रमांक ओळखतं आणि ‘हा माणूस आता चपलांच्या विभागात आहे’ असं कंपनीला कळवू शकतं. वही इथे ॲपवाल्याकडे. मी माझ्या फोनमध्ये खरेदीच्या ॲपना ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी देत नाही, आणि माझं काहीच अडलेलं नाही.

एअरटॅगही असाच. तो ब्लूटूथ खूण सोडतो, जवळून जाणाऱ्या अनोळखी लोकांचे आयफोन ती पकडून ठिकाण कळवतात. हरवलेली बॅग सापडते, पण कोणी तुमच्या पर्समध्ये गुपचूप टाकला तर पाळतही ठेवता येते. अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना फोनवर आली तर दुर्लक्ष करू नका.

५. वेब बीकन

ईमेलमध्ये एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र लपवलेलं असतं. मेल उघडला की ते सर्व्हरवरून मागवलं जातं आणि पाठवणाऱ्याला कळतं की तुम्ही मेल कधी उघडला. उपाय सोपा आहे: जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘बाहेरची चित्रं दाखवण्यापूर्वी विचारा’ हा पर्याय निवडा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बीकन आणि जीपीएस ट्रॅकर एकच का? नाही. ट्रॅकर आधी जीपीएस ऐकून स्वतःचं ठिकाण काढतो आणि मग ते मोबाइल नेटवर्कवरून मालकाला पाठवतो. साधा बीकन फक्त आपली खूण सोडतो.

हिमालयात ट्रेकला सॅटेलाइट फोन नेऊ का? परवानगीशिवाय नाही. भारतात तो विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रंही नेण्याआधी परवानगीची चौकशी नक्की करा.

निष्कर्ष

बीकन वाट दाखवतो, मदत बोलावतो आणि कधी कधी चुगलीही करतो. काम तिन्हीकडे एकच, ‘मी इथे आहे’ म्हणणं. फरक पडतो तो वही कोणाकडे आहे आणि त्यात काय लिहिलंय यावर. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे आपली नोंद पूर्ण आणि ताजी ठेवा. जिथे नुसत्या जाहिरातीचा प्रश्न आहे तिथे ती कोरीच राहू द्या.

ओळखीत कोणी बोट चालवत असेल तर हा लेख त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.