जमिनीच्या वाट्यापासून खाणीच्या वाट्यापर्यंत

प्रत्येक माणसाला दरसाल किंवा दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, गरीब-श्रीमंत असा भेद न करता, कुठलीही अट न घालता, असे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : काम न करता पैसे कशाचे? याचे मला सर्वांत पटणारे उत्तर १७९७ सालचे आहे.

इंग्लंडमधल्या एका बिशपच्या प्रवचनाचा विषयच असा होता, की श्रीमंत आणि गरीब असे दोन्ही निर्माण करण्यात देवाचे शहाणपण आणि चांगुलपणा दिसतो. राजकीय लेखक थॉमस पेनने त्या प्रवचनाची जाहिरात पाहिली आणि ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ नावाची आपली पुस्तिका छापायचे नक्की केले. देवाने फक्त माणसे घडवली आणि पृथ्वी त्या सर्वांना वारसा म्हणून दिली, असे त्याचे म्हणणे. जमीन कसणाऱ्याने तिच्यात घातलेले श्रम त्याचे. पण मूळ जमीन कुणी घडवलेली नाही, म्हणून जमीनमालक बाकीच्यांना भाडे देणे लागतो. हे भाडे वारसाकराने गोळा करायचे आणि त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड, पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यायचे. श्रीमंतांनाही द्यायचे, नको असेल त्याने ते निधीत परत टाकावेत. ही भीक नव्हे, हक्क आहे, हे त्याने निक्षून लिहिले.

त्याच वर्षी थॉमस स्पेन्सने पेनवर टीका केली. स्पेन्स मूळचा न्यूकॅसलचा, गरिबाघरचा. विचारांपायी तुरुंगात जाऊन आलेला. पेन जमीन जमीनदारांकडेच ठेवतो आणि लोकांच्या हातावर थोडेसे टेकवतो, ही त्याची तक्रार. त्याची योजना अशी : गावची सगळी जमीन गावाची, ती लिलावाने खंडाने द्यायची, कारभार गावातल्या बायकांच्या समितीने पाहायचा. सार्वजनिक खर्च भागवून जे उरेल ते दर तिमाहीला सर्वांना सारखे वाटायचे. बाई असो वा पुरुष, औरस असो वा अनौरस, एक दिवसाच्या तान्ह्या मुलालासुद्धा. पेनपेक्षा हा माणूस मला मोठा वाटतो.

खंड, लिलाव, खर्च, उरलेल्याची वाटणी ही रीत गोव्यात ‘गावकारी’ या गावच्या सामाईक जमीनव्यवस्थेत तेव्हा शतकानुशतके चालू होती. गावकारीच्या शेतांची पावणी म्हणजे लिलाव व्हायचा, साधारण तीन वर्षांसाठी. आलेल्या पैशातून खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि मानशी (पाण्याची दारे) दुरुस्त करायच्या, देवस्थानाचा किंवा चर्चचा खर्च भागवायचा आणि शिल्लक गावकारांत, म्हणजे गावकारीच्या वंशपरंपरागत सदस्यांत, ‘जोण’ म्हणून वाटायची. बांध फुटला तर खारे पाणी भातशेतीत शिरणार, म्हणून त्याचा खर्च आधी. मात्र जोण मिळे ती गावकार घराण्यांतल्या पुरुषांना. बायकांना नाही, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर राहून राबणाऱ्या मुंडकारालाही नाही. स्पेन्सने जो उंबरठा कागदावर ओलांडला, तो गावकारीने प्रत्यक्षात कधीच ओलांडला नाही.

पेन-स्पेन्सनंतरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ही कल्पना पुष्कळ हातांतून गेली. अर्थतज्ज्ञांनी तिची करप्रणाली केली. पण वाट्याचा मूळ विचार जिवंत झाला तो अलास्कात. प्रुडो बेचे तेल १९६८ मध्ये सापडले, पुढच्याच वर्षी भाडेपट्ट्यांच्या लिलावातून ९० कोटी डॉलर आले आणि भराभर खर्चही झाले. १९७६ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून खनिज रॉयल्टीचा किमान चौथा हिस्सा कायमच्या निधीत टाकायचे ठरले. गव्हर्नर जे हॅमंड हे विमान चालवणारे, मासेमारी केलेले गृहस्थ. या निधीतून जुन्या रहिवाशांना जास्त लाभांश द्यावा अशी त्यांची मूळ योजना होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९८२ मध्ये पहिला सारखा वाटा निघाला, माणशी १,००० डॉलर. मुलांनाही. तेव्हापासून रक्कम कमी-जास्त होत राहिली, पण प्रथा टिकली, कारण मतदाराला ती आपल्या मालकीची वाटते.

आपल्याकडे महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेसह आले, मग पडताळणी, मग ई-केवायसी. दाता आणि लाभार्थी अशी मांडणी असली की यादीतून नाव कधीही कापता येते. म्हणून मला गोव्यातल्या खाणींचे प्रकरण जास्त महत्त्वाचे वाटते. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला : २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा, आणि पुढे विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या किमतीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदाच काढता येते, हे त्यामागचे साधे सत्य. ‘गोंयची माती’ चळवळ एक पाऊल पुढे जाते : खनिजाचे पूर्ण मोल निधीत यावे आणि त्याचे उत्पन्न नागरिकांत समान वाटावे. ही मागणी मान्य झाली तर गावकारीने जिला कधी मोजले नाही, त्या बाईच्या नावावरही जोण जमा होईल, आणि ती मिळवायला तिला दारिद्र्याचा दाखला काढावा लागणार नाही.