मॅसॅच्युसेट्स राज्यातील आरोग्य विमा विस्ताराचे नियोजन (१९८५–२००६) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर व निर्धनांसाठी मेडिकेड या योजना मंजूर झाल्या. इतरांचा आरोग्य विमा प्रामुख्याने नोकरीशीच निगडित राहिला. नोकरीतून विमा न मिळणाऱ्या आणि मेडिकेडच्या निकषांतही न बसणाऱ्या वर्गासाठी काही घटकराज्यांनी स्वतंत्र नियोजन केले. प्रस्तुत लेखात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अशा दोन प्रयत्नांचा तौलनिक विचार केला आहे.

१९८८ चा कायदा :
गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्या कारकिर्दीतील या कायद्याने सहा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर, विमा न दिल्यास, प्रति कामगार वार्षिक १,६८० डॉलरपर्यंत आकारणी ठरविली. लवकरच आलेली आर्थिक मंदी, राज्याची वित्तीय ओढाताण व लहान व्यावसायिकांचा विरोध यांमुळे ही तरतूद वारंवार लांबणीवर पडली आणि अंमलात येण्यापूर्वीच १९९६ मध्ये रद्द झाली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विमा बंधनकारक करणारी तरतूद मात्र टिकून राहिली.

२००६ चा कायदा :
विमा नसलेल्यांच्या उपचारखर्चाची रुग्णालयांना भरपाई देणारा निधी राज्यात १९८५ पासूनच होता. म्हणजेच समाज हा खर्च सोसत होताच. परंतु तो आजार बळावून रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतर. हाच पैसा विमाहप्त्याच्या अनुदानाकडे वळविणे हे दुसऱ्या नियोजनाचे मर्म होय. मेडिकेडच्या निधीपैकी सुमारे ३८.५ कोटी डॉलर केंद्राकडून गमावण्याची शक्यता निर्माण झाल्याने निर्णयाची निकड वाढली.

१२ एप्रिल २००६ रोजी गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रौढ रहिवाशांना परवडण्याजोगा विमा घेणे बंधनकारक झाले. दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना अनुदान मिळाले. अकरा किंवा अधिक कामगार असूनही विम्यात वाजवी वाटा न उचलणाऱ्या मालकांवर प्रति कामगार वार्षिक २९५ डॉलरपर्यंतची आकारणी आली. रॉम्नी यांनी या आकारणीविरुद्ध वापरलेला नकाराधिकार विधिमंडळाने निष्प्रभ केला. १,६८० व २९५ या आकड्यांतील अंतरच दोन्ही कायद्यांतील फरक स्पष्ट करते. पहिल्या कायद्याने भार मुख्यतः मालकावर टाकला. दुसऱ्याने तो व्यक्ती, मालक व शासन यांत विभागला.

निष्कर्ष :
२०१० पर्यंत राज्यातील विमाविरहितांचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले आणि त्याच वर्षीच्या संघीय कायद्याने या आराखड्याचा मोठा भाग स्वीकारला. संघीय कायद्यातील दंड २०१९ पासून शून्य झाला असला, तरी राज्याचे बंधन कायम राहिले. तथापि, २००९ च्या आर्थिक तुटीत अलीकडे आलेल्या कायदेशीर स्थलांतरितांना मुख्य अनुदानित योजनेतून वगळण्यात आले; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे वगळणे घटनाबाह्य ठरविले. खर्चाची न्याय्य विभागणी योजनेला स्थैर्य देते; परंतु तुटीच्या काळात दुर्बलांचे विमाछत्र टिकविण्यास हक्काचा कायदेशीर आधार लागतो, असे या इतिहासावरून दिसून येते.