भट्टी विझली तेव्हा : जर्मन रेल्वेवरील वाफेच्या युगाची अखेर

दि. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी पश्चिम जर्मनीच्या वायव्य टोकास, एम्डेन ह्या बंदराच्या गावी, एका इंजिनाची भट्टी विझविण्यात आली. त्या इंजिनाचा क्रमांक ०४३ ९०३ असा होता. त्या दिवसापासून पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय रेल्वेच्या वेळापत्रकात वाफेच्या इंजिनाला स्थान उरले नाही.

ही अखेर एखाद्या दिमाखदार प्रवासी गाडीच्या वाट्याला आली असती, तर ते शोभले असते, असे वाचकांस वाटेल. वास्तवात शेवटची वर्षे ह्या इंजिनांनी मालगाड्या ओढण्यात घालविली. एम्डेनच्या धक्क्यावर जहाजांतून लोहखनिज उतरे व ऱ्हाइने गावावरून दक्षिणेस रुहर खोऱ्यातील पोलादाच्या कारखान्यांकडे जाई. चार हजार टनांची एकेक गाडी ओढावयास दोन दोन इंजिने जुंपावी लागत. पाच आसांची जोडचाके व तीन सिलिंडर असलेली ही ४४ ह्या वर्गाची इंजिने. १९६८ साली गणकयंत्राच्या सोयीसाठी सर्व इंजिनांचे क्रमांक बदलले, तेव्हा ह्या वर्गातील तेलावर चालणाऱ्या इंजिनांना ०४३ हा आकडा मिळाला. यंत्रयुगाच्या थोरल्या भावाला धाकट्या यंत्राच्या सोयीने नाव बदलून घ्यावे लागले, असेच म्हणावयाचे!

आरंभ मात्र थाटात झाला होता. ७ डिसेंबर १८३५ रोजी न्युरेंबर्ग व फ्युर्थ ह्या दोन शहरांमधील सुमारे सहा किलोमीटरच्या मार्गावर जर्मनीतील पहिली वाफेची गाडी धावली. ‘आडलर’ म्हणजे गरुड, हे इंजिनाचे नाव. ते न्यूकॅसलच्या स्टीफन्सन कारखान्यातून आले होते, आणि त्याच्यासोबत चालकही इंग्लंडहूनच आला. विल्यम विल्सन हे त्याचे नाव. कंपनीच्या संचालकाहून ह्या चालकाचा पगार अधिक होता. कोळसा दुरून आणावा लागे व महाग पडे, म्हणून सुरुवातीची अनेक वर्षे पुष्कळशा फेऱ्या घोडेच ओढीत. नव्या युगाच्या रुळांवर जुने युग असे बराच काळ चालत राहिले. पुढे शंभर वर्षांनी, ११ मे १९३६ रोजी, ह्याच देशातील ०५ ००२ ह्या इंजिनाने ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

विक्रमाची आठवण राहते, परंतु इंजिनाच्या पोटात कोळसा कोण घालीत होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. थंड इंजिन चालते करावयाचे, तर गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागे. मग फायरमनने धक्के खात, उभ्याने, फावड्याने कोळसा लोटावयाचा. समोर भट्टीची धग आणि पाठीशी हिवाळ्याचा बोचरा वारा. पाळी संपली की राख काढावयाची, पुढच्या पेटीतील काजळी उपसावयाची. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून आतून धुवावयाचा. भट्टीत तेल जाळण्याची व्यवस्था झाली, तेव्हा फावड्याचे ओझे उतरले. डिझेलचे इंजिन कळ दाबताच सुरू होई, विजेच्या इंजिनाला तर राखच नव्हती. एका इंजिनामागे राबणारे हात ह्यामुळे कमी झाले. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने आपले शेवटचे नवे वाफेचे इंजिन, २३ १०५, डिसेंबर १९५९ मध्ये ताब्यात घेतले आणि त्यानंतर अठरा वर्षांच्या आतच ते युग आटोपले.

त्या अखेरच्या वर्षांत एम्स नदीकाठच्या ह्या मार्गावर दूरदूरच्या देशांतून हौशी मंडळी जमत. कोणी छायाचित्रे घेई, कोणी इंजिनाचा आवाज ध्वनिफितीवर टिपून ठेवी. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांला शंका नाही. पण धुराचे सौंदर्य बांधावर उभे राहून दिसते. ज्याच्या छातीत तो धूर जातो त्याला ते तितकेसे दिसत नाही. उलटपक्षी, अनेक वर्षे एकाच इंजिनाची नाडी ओळखणाऱ्या चालकाच्या हातचे कसब एका दिवसात निरुपयोगी ठरले, हेही खरे. तेव्हा त्या दिवशी सुटका किती आणि दुःख किती, ह्याचा हिशेब बाहेरच्याने करू नये.

एक हिशेब मात्र टाळता येत नाही. ४४ वर्गातील बहुतेक इंजिने दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बांधली गेली. त्याच काळात, १९४२ पासून, ५२ ह्या वर्गाची साधी व झटपट बांधता येणारी ‘युद्धइंजिने’ हजारोंच्या संख्येने कारखान्यांतून बाहेर पडली. जर्मन रेल्वेने ह्याच वाफेच्या बळावर यहुदी लोकांना मृत्यूच्या छावण्यांकडे वाहून नेले. त्यासाठी तिने तिसऱ्या वर्गाचे भाडे आकारले. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफ, आणि चारशेहून अधिक माणसे असल्यास सवलत! भाडे एकेरी प्रवासाचे असे. परतीचे तिकीट फक्त पहारेकऱ्यांचे निघे. कोणी कारकुनाने हे आकडे शांतपणे वहीत मांडले असतील, ह्या विचाराने आजही अंगावर शहारा येतो. संत एडिथ स्टाइन, म्हणजेच क्रुसाची संत तेरेसा बेनेडिक्टा, ह्यांना ऑगस्ट १९४२ मध्ये हॉलंडमधून अशाच एका गाडीने ऑशविट्झला नेण्यात आले. वाटेत श्चिफरश्टाट स्थानकावर गाडी थांबली असता त्यांनी ओळखीच्या माणसांना निरोप पाठविला होता. ९ ऑगस्ट हा त्यांच्या हौतात्म्याचा दिवस होय.

ह्या काळोखाचा एक धागा आपल्या माथेरानपर्यंत पोहोचतो. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर जी पहिली इंजिने चालली, ती ओरेनस्टाइन व कोपेल ह्या जर्मन कंपनीने बांधलेली होती. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. कंपनीचे दोन्ही संस्थापक यहुदी होते. हिटलरच्या राजवटीत कंपनी ओरेनस्टाइन कुटुंबाच्या हातून काढून घेण्यात आली आणि १९४० साली तिचे नावही पुसून टाकण्यात आले. ज्या नावाची पाटी लावून इंजिने आपल्या घाटात चढत होती, ते नाव त्यांच्या जन्मभूमीत उच्चारावयाचे नाही, असे ठरले!

आता पूर्व जर्मनीविषयी. तेथे वाफ आणखी अकरा वर्षे टिकली, ती प्रेमापोटी नव्हे, तर टंचाईपोटी. साम्यवादी सरकारची भिस्त सोव्हिएत तेलावर होती. १९८२ साली सोव्हिएत संघाने तेलाचा पुरवठा घटविला, तेव्हा तेलावर चालणारी वाफेची इंजिने बाजूस सारून कोळशावरची जुनी इंजिने पुन्हा कामास लावावी लागली. तेलाच्या काही इंजिनांत तर फिरून कोळशाच्या भट्ट्या बसविल्या गेल्या. पश्चिमेत तेलाने ज्या फायरमनचे फावडे खाली ठेवविले, त्याच्या पूर्वेकडील भावाने ते तेलाअभावी पुन्हा हाती घेतले. हाल्बरश्टाट येथे २९ ऑक्टोबर १९८८ रोजी रुंद रुळांवरील नियमित वाफेच्या गाड्यांची अखेर झाली. एका वर्षाने बर्लिनची भिंतही पडली.

पश्चिमेकडील रेल्वेने तर १९७७ नंतर आपल्या रुळांवर वाफेच्या इंजिनांना बंदीच घातली होती. हौशी मंडळींनी जपलेल्या इंजिनांनाही सहसा वाट मिळेना. परंतु १९८५ साल उजाडले. पहिल्या गाडीला दीडशे वर्षे पूर्ण झाली. उत्सव करावयाचा, आणि तोही वाफेवाचून? अखेर बंदी घालणाऱ्यांनीच इंजिने दुरुस्त करवून घेतली. त्यांत ते १९५९ चे २३ १०५ देखील होते. पुढे १७ ऑक्टोबर २००५ रोजी न्युरेंबर्गच्या एका लोकोशेडला आग लागून २३ १०५ व आडलरची १९३५ साली बनविलेली प्रतिकृती, दोन्ही होरपळली. आडलर मात्र पुन्हा उभा करण्यात आला.

अरुंद रुळांवरची वाफ तर कधी पूर्णपणे थांबलीच नाही. हार्त्स पर्वतातील ब्रोकेन हे १,१४१ मीटर उंचीचे शिखर सीमेलगत असल्यामुळे १९६१ पासून सामान्य माणसास बंद होते. वर सैनिक व टेहळणीची यंत्रे होती. ३ डिसेंबर १९८९ रोजी लोक पायी चढून गेले आणि त्यांनी दार उघडावयास लावले. १५ सप्टेंबर १९९१ रोजी तेथे पुन्हा प्रवासी गाडी गेली, ती वाफेच्या इंजिनाने ओढलेली. आजही वेळापत्रकाप्रमाणे तेथे गाड्या चढतात आणि फायरमन कोळसा लोटतो. आणि एम्डेनचे ते ०४३ ९०३? ते स्थानकासमोर रंगरंगोटी करून उभे केले आहे, आणि डिझेल व विजेच्या गाड्यांची वाट पाहणारे प्रवासी त्याच्याजवळून ये-जा करतात.